सुटलेलं एक कलम: उत्तर आयर्लंडचं आरएचआय प्रकरण

इंधनावर एक पौंड खर्च करा, सरकार तुम्हाला एक पौंड साठ पेन्स देईल. जितकं जास्त जाळाल तितके जास्त पैसे, वर कसलीही मर्यादा नाही, आणि हे पुढची वीस वर्षं चालणार, महागाईप्रमाणे वाढत. अशी सरकारी योजना असू शकते का? होती. उत्तर आयर्लंडमध्ये 2012 ते 2016 होती, आणि तिच्यापायी तिथलं सरकार पडलं, विधानसभा तीन वर्षं बंद राहिली. मला यात भ्रष्टाचार किती झाला यापेक्षा एक दुसरीच गोष्ट जास्त छळते, ती म्हणजे हे सगळं कागदावर डोळ्यासमोर होतं, आमदारांसमोरून गेलं, आणि कोणी वेळेत विचारलंच नाही की बाबांनो याला मर्यादा कुठे आहे.

आधी थोडी जागा समजून घेऊ. उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंग्डमचा भाग, पण 1998 च्या शांतता करारानंतर त्याला स्वतःची विधानसभा मिळाली, बेलफास्टमध्ये स्टॉर्मंट इथे. दवाखाने, शाळा, रस्ते, शेती, उद्योग हे सगळं तिकडचं स्थानिक सरकार बघतं, पैसा मात्र बहुतांश लंडनहून ठोक अनुदान म्हणून येतो. सरकार एकट्या पक्षाचं होऊ शकत नाही, युनियनवादी (ब्रिटनबरोबरच राहू म्हणणारे) आणि राष्ट्रवादी (आयर्लंडशी एक होऊ म्हणणारे) दोघांना मिळूनच चालवावं लागतं, फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर यांचे अधिकार सारखेच आणि एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद आपोआप जातं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता योजना. नाव रिन्यूएबल हीट इन्सेंटिव्ह, सगळे आरएचआयच म्हणतात. तिकडे घरं, पोल्ट्री शेड, कारखाने गरम ठेवायला तेल जाळतात, ते कमी व्हावं आणि लाकडी पेलेटवर, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या गोळ्यांवर, चालणारे बॉयलर यावेत म्हणून हे अनुदान. 2020 पर्यंत दहा टक्के उष्णता अक्षय स्रोतांतून, असं लक्ष्य होतं. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. खरं तर सरकारने नेमलेल्या सल्लागारांनी दोन पर्याय मांडले होते, एक म्हणजे बॉयलर बसवायला एकदाच पैसे देऊन मोकळं व्हायचं आणि दुसरा म्हणजे वर्षानुवर्षं वापराप्रमाणे देत राहायचं, आणि पहिला पर्याय स्वस्त पडतो असं त्यांचं म्हणणं होतं. खात्याने दुसरा निवडला. तेव्हा उद्योग खात्याच्या मंत्री होत्या डीयूपी या युनियनवादी पक्षाच्या आर्लीन फॉस्टर.

बाकीच्या ब्रिटनमध्ये अशीच योजना वर्षभर आधी, 2011 मध्ये सुरू झाली होती. उत्तर आयर्लंडने तिचीच नियमावली जवळजवळ जशीच्या तशी उचलली. पण ब्रिटनच्या नियमात छोट्या आणि मध्यम बॉयलरला दोन टप्पे होते, वर्षातले पहिले 1,314 तास म्हणजे वर्षाच्या साधारण पंधरा टक्के वेळ चढा दर, त्यानंतर दर एकदम खाली. म्हणजे गरजेपेक्षा जास्त जाळण्यात फायदा उरत नाही. उत्तर आयर्लंडच्या नियमात हा टप्प्याचा भाग घेतलाच नाही. का नाही घेतला? सल्लागारांनी लिहून दिलं होतं की त्याची गरज नाही, कारण अनुदानाचा दर इंधनाच्या खर्चापेक्षा कमी आहे. आणि त्यांच्याच तक्त्यात दर खर्चापेक्षा जास्त होता! 20 ते 99 किलोवॉटच्या बॉयलरला युनिटमागे 5.9 पेन्स अनुदान, इंधन साधारण साडेचार पेन्सच्या आत. दोन आकडे शेजारी ठेवले असते तर शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं.

मी एकदा बसून आकडेमोड केली. 99 किलोवॉटचा बॉयलर वर्षभर बंद न करता चालवला तर 8,760 तास, साधारण 8 लाख 67 हजार युनिट, म्हणजे 5.9 पेन्सने वर्षाला 51 हजार पौंडांच्या आसपास. ब्रिटनसारखा टप्पा असता तर चढ्या दराने मिळाले असते फक्त साडेसात-पावणेआठ हजार. आणि दर महागाईप्रमाणे वाढत गेल्यामुळे पुढे तो सुरुवातीला सांगितलेला एक पौंड साठ पेन्सचा हिशोब झाला. 100 किलोवॉटच्या वर गेलं की दर एकदम 1.5 पेन्सवर यायचा, त्यामुळे एका मोठ्या बॉयलरच्या जागी लोक 99 चे दोन-तीन बसवायला लागले. यात कायदा कोणी मोडला नाही, नियमच तसा होता. पोल्ट्रीवाल्यांना तर शेड सतत गरम लागतातच, त्यांनी भराभर बसवले, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही बसवले असते, सरकारच म्हणतंय ना घ्या म्हणून.

ही नियमावली अंधारात झाली असती तर एक वेळ समजलं असतं. पण ती उद्योग खात्याच्या समितीपुढे गेली, विधानसभेत आली, ऑक्टोबर 2012 मध्ये मंजूर झाली, नोव्हेंबरपासून योजना सुरू. तिकडे प्रत्येक खात्यासाठी आमदारांची एक समिती असते, तिचं कामच खात्याला प्रश्न विचारायचं. लंडनच्या योजनेत हे कलम आहे, तुमच्यात का नाही, एवढा एक प्रश्न. तो कोणाला सुचला नाही, कारण आमदारांना जे कागद मिळतात ते खात्याने तयार केलेले असतात, त्यात न लिहिलेली गोष्ट शोधायला दुसरीकडचा कागद शेजारी घेऊन बसावं लागतं, आणि तेवढा वेळ, तेवढी माणसं समितीकडे नसतात. मंत्र्यांनीही नंतर चौकशीत सांगितलं की त्यांनी स्वतः ती नियमावली वाचली नव्हती. मंत्री वाचत नाही, आमदार वाचत नाही, अधिकारी सल्लागारावर विसंबतो आणि सल्लागाराचा तक्ता सल्लागारालाच खोटं ठरवत असतो.

योजनेचा कारभार लंडनची ऑफजेम ही वीज-गॅस क्षेत्रावर देखरेख करणारी संस्था बघणार होती, आणि त्यांनी 2012 च्या जूनमध्येच सुचवलं होतं की ब्रिटनमध्ये खर्चावर लगाम घालायचे नियम येतायत, तुम्ही थांबा, ते घेऊनच सुरू करा. खात्याला घाई होती. म्हणाले आधी सुरू करू, लगाम नंतर घालू. हे नंतर कधी आलं? नोव्हेंबर 2015 मध्ये. तीन वर्षांनी.

मधल्या काळात एक बाई होत्या, छोटा व्यवसाय करायच्या, ऊर्जा वाचवणारी उपकरणं विकायच्या. त्यांच्या लक्षात आलं की गिऱ्हाईक म्हणतंय आम्हाला ऊर्जा वाचवायचीच नाहीये, जास्त जाळलं की जास्त पैसे मिळतात. ऑगस्ट 2013 मध्ये त्यांनी थेट मंत्र्यांना ईमेल केला, मग ऑक्टोबरमध्ये खात्यात जाऊन अधिकाऱ्यांना भेटल्या, खिडक्या उघड्या ठेवून हिटिंग चालू आहे असं समजावून सांगितलं. अधिकाऱ्यांनी विश्वास ठेवला नाही. पुन्हा लिहिलं. तरी नाही. मला हा भाग वाचताना खरंच वाईट वाटतं, कारण एका सामान्य बाईने, जिच्या हातात ना ऑडिटर ना समिती, तिने जे पाहिलं ते सरळ शब्दांत लिहून दिलं होतं, आणि तो कागद त्याच महिन्यात कोणा आमदाराच्या हातात पडला असता तर पुढचं सगळं टळलं असतं की काय असं राहून राहून वाटतं.

खात्याच्या आत काय चाललं होतं ते तर आणखी त्रासदायक. 2014 मध्ये योजनेचा आढावा घ्यायचा ठरलेला होता, झाला नाही. घरगुती ग्राहकांची योजना आधी आणायची म्हणून खर्चाचा लगाम बाजूला ठेवला. योजना सांभाळणारे मुख्य अधिकारी बदलून गेले, नव्यांना नीट काही सांगून गेलं नाही. वित्त खात्याची मंजुरी मार्च 2015 ला संपली, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही, पैसे जातच राहिले. आणि मूळ गैरसमज हा की पैसा लंडनचा आहे. सगळे धरून चालले की ट्रेझरीतून येतोय, आपल्या खिशातून नाही. प्रत्यक्षात त्याला मर्यादा होती, सुरुवातीच्या चार वर्षांसाठी मिळून अडीच कोटी पौंड, आणि वर गेलं तर भार उत्तर आयर्लंडच्या स्वतःच्या अनुदानावर, म्हणजे तिथल्या दवाखान्यांवर आणि शाळांवर पडणार होता.

2015 च्या उन्हाळ्यात लगाम घालायचं ठरलं, तेव्हा मंत्री होते जोनाथन बेल. पण बातमी बाजारात आधी फुटली आणि निर्णय लांबत गेला. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत जवळपास हजार अर्ज आले, सगळे जुन्या चढ्या दरात घुसायला. मग फेब्रुवारी 2016 च्या शेवटी नव्या अर्जांसाठी योजनाच बंद केली, तीही दोन आठवडे उशिरा, आणि त्या दोन आठवड्यांतही लोक घुसले.

जुलै 2016 मध्ये उत्तर आयर्लंडचे महालेखापरीक्षक किअरन डॉनली यांनी खात्याच्या हिशोबावर ताशेरे ओढले आणि विषय लोकलेखा समितीकडे गेला. आपल्याकडे विधिमंडळाची लोकलेखा समिती असते ना, कॅगचा अहवाल आला की त्यावर खात्याच्या सचिवाला बोलावून उलटतपासणी घेते, अगदी तीच रचना, कारण दोन्हींचं मूळ वेस्टमिन्स्टरच्या पद्धतीत आहे. आणि आपल्यासारखंच तिकडेही समितीपुढे मंत्री येत नाही, खात्याचा सचिव येतो, हिशोबाची जबाबदारी त्याची. समितीचे अध्यक्ष होते विरोधी बाकावरचे रॉबिन स्वॉन, आणि साक्षीला आले खात्याचे सचिव अँड्र्यू मॅककॉर्मिक.

सप्टेंबर 2016 पासून आमदारांनी प्रश्न विचारले, आणि चांगले विचारले. कोणाला कधी माहीत होतं, टप्पा का वगळला, ईमेलचं काय केलं, उशीर कोणी केला. पण इथे या प्रकरणाची खरी गाठ आहे. सचिवाला विचारता येतं, पण उशीर जर मंत्र्याच्या खोलीत, मंत्र्याच्या राजकीय सल्लागारांमुळे झाला असेल तर? हे स्पेशल अॅडव्हायझर म्हणजे साधारण आपल्याकडचे मंत्र्याचे ओएसडी समजा, पगार सरकारी पण माणूस पक्षाचा. ते कोणाच्या सांगण्यावरून काय करत होते हे कागदावर नव्हतंच. जानेवारी 2017 मध्ये मॅककॉर्मिक यांनी समितीपुढे सांगितलं की लगाम लांबवण्यामागे डीयूपीच्या एका सल्लागाराचा हात होता अशी त्यांची समजूत आहे. समजूत! खात्याचा सर्वोच्च अधिकारी, करोडोंचा प्रश्न, आणि तो शपथेने दाखवू शकेल असा एक कागद त्याच्या फाइलमध्ये नाही.

तोवर राजकारण पेटलं होतं. डिसेंबर 2016 मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमाने सगळं घराघरात नेलं, वीस वर्षांत जास्तीचा खर्च 49 कोटी पौंड होईल असा अंदाज लोकांच्या तोंडी बसला. बेल यांनी टीव्हीवर स्वतःच्याच पक्षाच्या माणसांवर आरोप केले. फॉस्टर तेव्हा फर्स्ट मिनिस्टर झालेल्या. 19 डिसेंबरला विधानसभेची खास बैठक झाली, त्यांना काही काळ पदावरून दूर करायचा ठराव 39 विरुद्ध 36 ने बहुमताने बाजूने गेला, पण तिथल्या नियमाप्रमाणे युनियनवादी आणि राष्ट्रवादी दोन्ही समाजांचा पाठिंबा लागतो, तो नव्हता म्हणून पडला. म्हणजे मत देणाऱ्यांतले जास्त आमदार एका बाजूला आणि निकाल दुसऱ्या बाजूला. शांततेसाठी केलेली रचना आहे ती, तिची गरज मला समजते, तरी त्या दिवशी सभागृहात बसलेल्यांना काय वाटलं असेल.

9 जानेवारी 2017 ला डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर, शिन फेन या राष्ट्रवादी पक्षाचे मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला. ते तेव्हा खूप आजारी होते, मार्चमध्ये गेलेच. त्यांच्याबरोबर फॉस्टर यांचंही पद गेलं. जानेवारीअखेर विधानसभा बरखास्त, 2 मार्चला निवडणूक, डीयूपीला 28 आणि शिन फेनला 27 जागा, आणि मग सरकार बनलंच नाही. लोकलेखा समितीचं काम अर्ध्यात राहिलं. म्हणजे ज्या प्रश्नांमुळे हे सगळं उघड झालं ते प्रश्न विचारणारी समितीच त्या भडक्यात नाहीशी झाली.

आणि विधानसभा बंद राहिली जानेवारी 2020 पर्यंत. तीन वर्षं. फक्त आरएचआयमुळे नाही, आयरिश भाषेच्या कायद्यावरूनही अडलं होतं, पण ठिणगी हीच. या तीन वर्षांत मंत्री नाही, समित्या नाहीत, लेखापरीक्षक अहवाल लिहितोय पण त्यावर सचिवाला बोलावून विचारणारं कोणी नाही. बजेट लंडनमधून मंजूर व्हायचं. आरोग्यसेवा कशी बदलायची याचा मोठा अहवाल ऑक्टोबर 2016 मध्येच आला होता, बेंगोआ अहवाल म्हणतात त्याला, त्यातले अवघड निर्णय घ्यायला मंत्रीच नव्हता, दवाखान्यांच्या वेटिंग लिस्टा वाढत गेल्या, आणि डिसेंबर 2019 मध्ये नर्सेस संपावर गेल्या, त्यांच्या रॉयल कॉलेजच्या 103 वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदा. बॉयलरच्या नियमातल्या एका कलमाची किंमत मोजताना लोक 49 कोटींचा आकडा सांगतात, मी हा सांगतो.

तो 49 कोटींचा खड्डा तर पुढे पडलाच नाही. 2017 मध्ये जुन्या सगळ्या बॉयलरवाल्यांचे दर कापले, 2019 मध्ये लंडनच्या संसदेने आणखी कापले, साधारण बॉयलरला वर्षाला 13 हजारांच्या आसपास मिळायचे ते दोन हजारांवर आले. मग उलटंच झालं, लंडनकडून मिळण्यासारखा पैसाही पूर्ण वापरला जाईना. आणि ज्यांनी सरकारच्या वीस वर्षांच्या शब्दावर बँकेचं कर्ज काढून प्रामाणिकपणे बॉयलर बसवले, गरजेपुरतेच चालवले, ते सापडले. कोर्टात गेले, हरले. त्यातल्या बऱ्याच जणांना गावात लोक चोर समजायला लागले. त्यांच्या बाजूने समितीत बसून प्रश्न विचारायलाही तेव्हा कोणी नव्हतं.

समितीचं राहिलेलं काम मग निवृत्त न्यायमूर्ती पॅट्रिक कॉग्लिन यांच्या सार्वजनिक चौकशीने केलं. नोव्हेंबर 2017 पासून वर्षभर साक्षी, लोक ऑनलाइन बघायचे. त्यात मार्च 2018 मध्ये नागरी सेवेचे प्रमुख डेव्हिड स्टर्लिंग यांनी सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: मंत्र्यांबरोबरच्या काही बैठकांची टिपणं मुद्दाम ठेवत नसत, कारण दोन्ही मोठ्या पक्षांना टीकेची धास्ती होती आणि माहितीच्या अधिकारात ती टिपणं बाहेर आली असती. आपण इकडे माहितीच्या अधिकारासाठी किती झगडलो, आणि त्याला असंही उत्तर असतं की लिहायचंच नाही. जे लिहिलंच नाही ते मागणार कसं, आणि समिती सचिवासमोर ठेवणार काय? शिन फेनचंही काही वेगळं नव्हतं, त्यांचे वित्तमंत्री खर्चाच्या आराखड्यावर सही करण्याआधी पक्षातल्या एका जुन्या माणसाला, जो कुठल्याही सरकारी पदावर नव्हता, ईमेलवर विचारत होते की मी सही केली तर चालेल का. हेही चौकशीतच कळलं.

13 मार्च 2020 ला अहवाल आला, 656 पानं, 319 निष्कर्ष, 44 शिफारशी. त्यात म्हटलंय की जे बिघडलं त्याचं मुख्य कारण भ्रष्ट किंवा दुष्ट हेतू नव्हता, चुका आणि दुर्लक्ष यांचा ढीग होता. बरेच लोक यावर चिडले, त्यांना कोणीतरी तुरुंगात जायला हवं होतं. मला मात्र ते वाचून जास्त भीती वाटली, कारण चोर पकडता येतो, पण कोणीच चोर नसताना इतकं होतं तेव्हा पकडायचं कोणाला. आठवड्याभरात कोविडने सगळ्या बातम्या खाऊन टाकल्या आणि अहवाल मागे पडला.

तरी एक गोष्ट झाली. जिम अॅलिस्टर नावाचे आमदार, पक्षाचे सभागृहात तेव्हा ते एकटेच, त्यांनी खासगी विधेयक आणलं आणि 2021 मध्ये त्याचा कायदा झाला. त्यात मंत्री आणि सल्लागार यांच्या सरकारी बैठकांना अधिकारी हजर असला पाहिजे आणि नोंद ठेवली पाहिजे, सरकारी कामासाठी खासगी ईमेल वापरला तर तो सरकारी यंत्रणेत आणला पाहिजे, आणि सल्लागारांनाही शिस्तीचे नियम लागू. एकट्या आमदाराचं विधेयक सहसा पास होत नाही, हे झालं, कारण तीन वर्षं ज्यांनी कुलूप बघितलं ते सगळे सभागृहात बसले होते.

आपल्याकडे बऱ्याचदा कॅगचा अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो आणि चर्चा होत नाही, मग तो लोकलेखा समितीकडे जातो आणि साक्ष होते तेव्हा ते अधिकारी त्या खात्यात राहिलेले नसतात. मी तिकडची साक्ष वाचताना दर वेळी हेच आठवत होतो. 2012 च्या बैठकीतल्या अधिकाऱ्याला 2018 मध्ये विचारतात, टप्पा का वगळला? तो म्हणतो, आठवत नाही. समोर बसलेले न्यायमूर्ती पान उलटतात, आणि त्या दिवशीच्या बैठकीचं टिपण तिथे नसतं.